माझ्या रजेतली आण्णांची हजेरी

माझं माहेर कवठे महांकाळच्या पुढं, जतच्या अंगाला. गावाचं नाव सांगितलं तरी तुमाला ठावं असायचं न्हाई. एस.टी. येती, वळती आन् माघारी जाती, एवढंच गाव. तिकडं कानडी मुलूख जवळ, म्हणून आईला आमी आव्वा म्हणायचो आन् वडलांना आण्णा. आण्णा सालगडी हुते. आता कॉलेजातल्या पोरींना सालगडी म्हंजी काय ते समजावून सांगावं लागतंय, म्हणून सांगते. पाडव्याला मालकाबरोबर बोली व्हायची, वर्षाचं धान्य, कापडं, थोडं पैसं, आन् मग पुढच्या पाडव्यापातूर माणूस त्या मालकाचा. सकाळ न्हाई, संध्याकाळ न्हाई. मालकाची जनावरं उठली की आण्णा उठायचे आन् जनावरं बसली की मग आण्णा बसायचे. असल्या घरातनं मी बी.एस्सी. झाले, बॉटनी घेऊन. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं पयलं माणूस मी, बाप्यांत बी आन् बायांत बी. हे मी सांगाया लागले की लोक म्हणत्यात सुनंदाबाईंना लय गर्व हाय. हाय की. का नसावा?

मला शुद्ध बोलता येतं बरं का. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात माईक हातात दिला की मी अगदी रेडिओसारखी बोलते. पण घरात बसून आपलं माणूस म्हणून सांगायचं तर हे असंच येणार तोंडात, तुमी लिहून घ्याया आलाय, तर लिहिताना काय करायचं ते करा.

लग्न होऊन मी पलूसकडं आले. इकडं पाणी, ऊस, द्राक्षं. पयल्या वर्षी माझं डोळंच दिपायचं, आमच्याकडं असलं हिरवं फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात. मिस्टर मिल्ट्रीत, वर्षातनं दोन येळा सुट्टीवर येणार, आले की चार दिवस झोपणार, चार दिवस पाव्हणं करणार आन् चालले परत. पोरगी शाळंत जाया लागली तशी मी नर्सरीत कामाला लागले. गुलाबा-मोगऱ्याची नर्सरी न्हवं, भाजीच्या तरवाची. मिरची, टोमॅटो, कोबी, झेंडू, ज्याला जे लावायचं त्याचं तरू, म्हंजी रोपं, आमी ट्रेमधी कोकोपीट, म्हंजी नारळाचा भुसा, भरून त्यात तयार करून देतो. ऐकाया सोपं वाटतंय. पण काय सांगू तुमाला, तरू म्हंजी तान्हं पोर. पाणी जास्त झालं तर मर लागती, म्हंजी मूळ कुजतंय, कमी झालं तर मान टाकतंय, आन् शेतकऱ्याला द्यायच्या आधी थोडा पाण्याचा ताण द्यावा लागतोय, नायतर शेतात गेलं की उन्हानं आडवं. थोरल्या मालकांनी मला हे सगळं शिकवलं. ते गेले आन् त्यांचा मुलगा सुहासदादा बघाया लागला. पुण्यात शिकून आलेला, गाडी नवी, कापडं इस्त्रीची. माणूस वाईट न्हाई, हे मी आधीच सांगून ठेवते, नायतर पुढचं ऐकून तुमी त्याला शिव्या द्याल. वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षा बी लहान, पण मालक म्हणून मी त्याला दादा म्हणते आन् तो मला ताई म्हणतो. मी तिथली सुपरवायझर. पगारी, रजा असलेली. ह्ये बी लक्षात ठेवा.

तर मागच्या हिवाळ्यात माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, सांगलीला. बाईमाणसाला हे सांगाया किती अवघड असतंय बघा, रजा मागताना मी दादाला पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, आन् त्यानं शेतकऱ्यांना सांगितलं अपेंडिक्स, आन् शेतकऱ्यांनी गावात सांगितलं मुतखडा. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं हुतं, दीड महिना वजन उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई, लय येळ बसायचं न्हाई, उभं राहायचं न्हाई, सुनंदाताई, तुमी घरी जाऊन लगेच भांडी घासाया बसणार हे मला ठावं हाय, पण टाके उसवले तर माझ्याकडं रडत यायचं न्हाई. मिस्टर ऑपरेशनला आले हुते पण त्यांची सुट्टी सरली. पोरगी साताऱ्याला नर्सिंगला, हॉस्टेलवर, तिची परीक्षा तोंडावर. आता बघणार कोण? आमच्याकडं असं कायतर झालं की माहेरची आई येती. माझी आव्वा जाऊन लय वर्सं झाली.

तर आण्णा आले. भावानं एस.टी.त बसवून दिलं, हातात एक पिशवी, त्यात शाळूचं पीठ आन् खपली गव्हाचा रवा, आजाऱ्याला खपलीची खीर लागती म्हणून. माझी जाऊ शेजारीच राहती, माझी आंघोळ, वेणी-फणी ती करायची, ती तोंडाची फटकळ, दारातच म्हणली, काय ओ आण्णा, बाप कुठं लेकीच्या आजारपणाला येत असतोय व्हय? आण्णांनी पिशवी खाली ठेवली आन् म्हणले, तिची आई गेली वर, तिला बोलवाया कुणाला धाडू? तू जातीस? जाऊबाई हसून हसून खाली बसली. मला हसू येत हुतं पण हसलं की टाके दुखायचे, मी आपली उशी पोटावर दाबून धरली.

सत्तरी उलटलेला माणूस चुलीपुढं बसून लेकीसाठी खीर ढवळतोय. गॅस हाय घरात, पण गॅसवर त्यांना भरवसा न्हाई, परड्यात तीन दगडं मांडली. खिरीत गूळ एकदा लय, एकदा अजिबात न्हाई. मी म्हणायची, आण्णा चांगली झाली हाय. ते म्हणायचे, खोटं बोलाया कॉलेजात शिकलीस व्हय गं.

आता रजेतल्या फोनाचं सांगते, तेच लिहून घ्याया तुमी आलाय.

पयला फोन मी अजून दवाखान्यातच हुते तवा आला. दादा म्हणला, ताई, बऱ्या हायसा का? मी म्हणलं, हाय. मग म्हणला, तुमी आराम करा, कायबी काळजी करू नका, फक्त एवढंच विचारायचं हुतं, टोमॅटोला पाणी एक येळ का दोन येळ? मी सांगितलं. मग रोजच एवढंच विचारायचं असायचं. आधी तब्बेत, मग एवढंच. पानांचे फोटो यायचे, ताई हे पिवळं का पडलंय. व्हिडिओ कॉल यायचा, मी कॉटवर उताणी, तोंडावर फोन धरलाय, आन् त्यात दादा पळत पळत शेडनेट दाखवतोय, ताई इकडं बघा, ताई तिकडं बघा, मला बघून बघून गरगराया लागायचं. त्यात शेतकऱ्यांजवळ माझा नंबर. मॅडम, आमचं तरू कवा? मी आजारी हाय म्हणलं की म्हणायचे, व्हय व्हय, कळलं, मुतखडा, पानफुटीचा पाला खावा, पण आमचं तरू कवा?

खोटं कशाला बोलू, मला बी बरं वाटायचं. माझ्याबिगर हलंना ह्यांचं, असं मनात यायचंच की. आन् माझ्यापेक्षा बरं वाटायचं आण्णांना. मी पडले की फोन ते स्वतःजवळ ठेवायचे, आन् दादाचा फोन आला की परड्यातनं, खळ्यातनं, जिथं असतील तिथनं फोन घेऊन पळत यायचे, दोन्ही हातांत धरून, जसं काय प्रसादाची वाटी. सुनंदाची त्यांच्या तोंडी सुनी झालेली. माझा डोळा लागलेला असायचा, तरी हळू आवाजात, सुने, ए सुने, मालकाचा फोन हाय, घे की. मी म्हणायची, राहू द्या, मागनं करते. त्यांचं तोंडच उतरायचं. मालक बोलवतोय आन् मागनं? पारावर जाऊन सांगून आले, आमच्या पोरीला इचारल्याबिगर तिथं पाण्याचा नळ सुदीक उघडत न्हाईत. जाऊबाईनं येऊन मला सांगितलं.  बापाला लेकीचा अभिमान वाटतोय तर वाटू दे म्हणलं.

मग एक दिवस दादा स्वतः बघाया आला. आपल्याकडं आजाऱ्याला बघाया मोकळ्या हातानं येत न्हाईत, तुमाला ठावं हाय. आमच्या कपाटात बिस्किटांच्या पुड्यांचं दुकान झालं हुतं. दादाच्या एका हातात शहाळी, सफरचंदं. आन् दुसऱ्या हातात काय असंल? मिरचीच्या तरवाचा ट्रे. मान टाकलेला. शहाळी आण्णांच्या हातात दिली आन् ट्रे माझ्या उशाला ठेवला. म्हणला, ताई फोटोत नीट कळत न्हाई ओ, म्हणून आणलाच. जाऊबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. मी त्या ट्रेकडं बघितलं आन् मला बी वाईट वाटलं, तरवाचं बी आन् दादाचं बी. मुळं बघितली, मर लागलेली, पाणी मुरायच्या आधीच परत परत पाणी घातलेलं. सांगितलं काय करायचं ते.

पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या काळजाला लागली, ती ट्रेची न्हवं. आमच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर दादा बसला. दुसरी मोकळी. आण्णा दाराजवळ भुईवर बसले, उकिडवे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. दादा म्हणला, आजोबा वर बसा की. आण्णा म्हणले, न्हाई न्हाई, हितं गार वाटतंय. थंडीचे दिवस आन् ह्यांना गार वाटतंय. ते माझं घर. ती खुर्ची माझ्या पगारातनं घेतलेली. मी कॉटवरनं बघत राहिले. 

त्या ट्रेच्या नादात मी बसून राहिले, वाकले, आन् चार दिवसांनी टाक्यांजवळ सूज आली, अंगात ताप. जाऊबाईनं रिक्षा करून सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाई लय रागावल्या. मिस्टरांनी तिकडनं फोनवर सुनावलं, आमच्यात माणूस सिक असला की सिक, त्याच्या बराकीत कुणी जायाचं न्हाई, तू तो फोन बंद कर नायतर मी फोन करून त्या दादाला सांगतो. मी म्हणलं, तुमी कायबी सांगू नका, मी सांगीन. पण मला सांगता येईना. तुमी म्हणाल, एवढी बोलणारी बाई. व्हय, पण पोटात भीती असती हो. मी न्हाई म्हणलं आन् ह्यांनी दुसरी पोरगी ठेवली तर? हल्ली कृषी पदविका केलेल्या पोरी पायलीला पन्नास हायत. मला हे काम जायला नको हुतं. पगारासाठी बी, आन् नुसतं पगारासाठी न्हवं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. मला हात उचलवत न्हवता म्हणून आण्णांनी फोनचा आवाज मोठा करून माझ्या तोंडापुढं धरला. मी म्हणलं, दादा, ताप आलाय, टाक्यांना सूज हाय, अजून पंधरा दिवस वाढवलेत.  दादा हसत हसत म्हणला, आवं ताई, लवकर या, नायतर आमाला दुसरं कोणतर बघावं लागंल. गंमतीनं म्हणला. मला कळलं गंमत हाय. पण आण्णांना गंमत कुठली कळायची?  फोन ठेवल्यावर म्हणले, सुने, काम जातंय व्हय गं? मी म्हणलं, न्हाई ओ आण्णा, असंच बोलत्यात ते.  ते चुलीपुढं जाऊन बसले, जाळ नसलेल्या.

सकाळी उठले तर खीर झाकून ठेवलेली, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला, आन् आण्णा टोपी घालून तयार. पलूसला जाऊन येतो, तंबाखू संपलीया. मी म्हणलं, गावात मिळती की. न्हाई म्हणले, ती कडू लागती. वडापच्या जीपमधी बसून गेले. बारा वाजले, न्हाईत. जेवायची येळ टळली, न्हाईत. जाऊबाईचा नवरा मोटरसायकलवर बाजारात बघून आला, न्हाईत. आन् नवल म्हंजी त्या दिवशी दादाचा एक बी फोन न्हाई. मी कॉटवर पडून एकदा दाराकडं बघायची, एकदा फोनकडं. जीव टांगणीला लागला.

उन्हं कलली तवा फोन वाजला. दादा. मी चिडूनच म्हणलं, आता कुठला ट्रे? दादा म्हणला, ट्रे न्हाई ताई. तुमचे आण्णा हितं हायत.

मी म्हणलं, कुठं हितं?

नर्सरीत, म्हणला. सकाळपासनं. मी तासगावला गेलतो, आता आलो, मला आता कळलं.  म्हणला, ताई, गेटबाहेर चपला काढून आत आले म्हणं, आन् बायकांना म्हणले, सुनंदाची बदली म्हणून मी आलोय, तिचं काम गेलं न्हाई पायजे, काय काम असंल ते सांगा. बायकांना वाटलं म्हातारं चेष्टा करतंय. मग बघतात तर ह्यांनी कोकोपीटची पोती उचलाया घेतली. सकाळपासनं बायकांच्या ओळीत बसून ट्रे भरत्यात. ओळीतल्या ठकूमावशीनं च्या दिला तर न्हाई घेतला, मालकाला इचारल्याबिगर कसा घेऊ म्हणले. मी आलो तर उभं राहिले, टोपी काढली, आन् मला इचारतात, मालक, हजेरी कुणाच्या नावावर लागंल, माझ्या का पोरीच्या? पोरीच्या नावावर लावा. आन् ती बरी होईस्तवर मी रोज येतो.

मी म्हणलं, दादा, त्यांना आधी घरी आणा. 

तुमाला ती बदली समजली का? सालगडी आजारी पडला तर त्याला रजा नसती. त्यानं माणूस द्यायचा. बायको, भाऊ, पोर, कुणीबी. माणूस आजारी पडला तरी हजेरी आजारी पडता कामा न्हाई. आण्णांचं सगळं आयुष्य त्यात गेलं. मी त्यांना रजेवर हाय म्हणून सांगितलं हुतं, पण रजा म्हंजी काय, हे त्यांना कुणी कवा सांगितलंच न्हवतं. मालक रोज फोन करतोय म्हंजी माणूस मागतोय, एवढंच त्यांना समजलं. आन् माझ्याकडं द्यायला दुसरं माणूस कोण हुतं?

दादानं त्यांना गाडीतनं आणलं. मी जाऊबाईचा हात धरून दारापातूर आले. आण्णा मागच्या सीटवरनं उतरले, हाता-पायाला कोकोपीटचा भुसा, टोपीवर भुसा, मला बघून म्हणले, उठलीस कशाला?

माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, आण्णा, मी एवढी शिकले ते तुमी परत कुणाच्या तरी गेटावर चपला काढाव्या म्हणून न्हाई शिकले. ह्या वयात पोती उचलताय, काय झालं असतं तर? मला काय लाज-बीज हाय का न्हाई? लय बोलले. दादा दारात उभा, जाऊबाई उभी, मला कशाचं भान न्हाई. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. अंगावरचा भुसा झटकला. मग अगदी बारीक आवाजात म्हणले, तवा तू गेलतीस न्हवं का माझ्या जागी.

मला आधी आठवंचना. मग आठवलं. मी नववीत हुते. आण्णा टायफॉईडनं पडलेले, आव्वा बाळंतीण, धाकटा पाळण्यात. मालकाचा माणूस दारात येऊन आण्णांच्या नावानं हाका मारायचा, सदा, माणूस पाठव. तर मी गेले. शेण काढलं, वैरण कापली, जनावरांना पाणी दाखवलं. पंधरा-वीस दिवस गेले असतील. शाळा बुडली, पण मला त्याचं काय वाटलं न्हवतं, खरं सांगते, तिथं एक पांढरं वासरू हुतं, माझ्या फ्रॉकची बाही चाटायचं, मला आठवतंय ते एवढंच. मी ते कवाच विसरले हुते. आन् हा माणूस तीस वर्सं ते घेऊन बसलेला. म्हणले, तू शाळंच्या दोन येण्या घालून, लाल रिबिनी बांधून जायाचीस सकाळी. मी आतनं बघायचो. उठाया बघायचो, पाय उचलायचं न्हाईत. तुज्या रिबिनी दिसंनाशा होईपातूर बघत ऱ्हायाचो. मग आता पाय उचलत्यात तर मी जाऊ नगं?

 मी त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. कोकोपीटचा वास, तंबाखूचा वास. मला शाळंत बक्षीस मिळालं, कॉलेजात पयला वर्ग मिळाला, लग्न लागलं, तवा सुदीक त्या माणसानं मला असं जवळ घेतलं न्हवतं, आमच्यात तसं घेत न्हाईत. त्या दिवशी घेतलं. टाके दुखू नयेत म्हणून अगदी जपून, कच्च्या मडक्यासारखं.

मग मी डोळे पुसले आन् म्हणलं, दादा, आत या. आण्णा, तुमी बी. आन् ह्या खुर्चीवर बसा, भुईवर बसायचं न्हाई, माझी शपथ हाय. आण्णा बसले, कडेला, अर्ध्या खुर्चीवर. मी कॉटवर पडले आन् पडल्या पडल्याच सांगितलं. म्हणलं, दादा, मी रजेवर हाय. तुमी मंजूर केलेली रजा. ही तुमची मेहरबानी न्हाई आन् माझी मिजास न्हाई. फोन वाजला की माझं पोट ताठ होतंय, टाके ओढतात. तुमाला वाटतंय फोन म्हंजी काय काम न्हवं. मला ते कामच हाय, माझं चित्त तिथं जातंय, आन् चित्त गेलं की अंग उठाया बघतंय. आता मी येईस्तवर फोन करायचा न्हाई. मला बरं हाय का ते विचाराया बी करायचा न्हाई, कारण तुमचं बरं हाय का विचारणं टोमॅटोपातूर जातंय.

दादा खाली बघत हुता. म्हणला, ताई, मला भ्या वाटतंय ओ. वडील गेल्यापासनं मी कायबी ठरवतो तर वाटतंय चुकणार. मिरची मेली तर काय करू?

मी म्हणलं, मरू द्या. दोन-चार ट्रे मरतील. तुमच्या वडलांनी माझ्या हातनं किती ट्रे मारून घेतले ठावं हाय का? एकदा बी आयतं सांगितलं न्हाई. मरू दे पोरी, मुळं उपटून बघ का मेलं, एवढंच म्हणायचे. तसंच शिकले मी.

हे बोलले आन् मनात एक कळ आली बघा. हा शिकला तर माझी गरज काय राहणार? पण तोंडातनं गेलं ते गेलं. आन् खरं तेच हुतं.

आण्णा इतका येळ माझ्याकडं बघत हुते, तोंड उघडं. मालकाला असं बोलताना त्यांनी जन्मात कुणाला बघितलं न्हवतं. त्यांना वाटलं आता हा उठून जाणार, काम संपलं. दादा उठला. आण्णांच्या पाया पडला. म्हणला, आण्णा, ताईचं काम कुठं जात न्हाई. बदली लागत न्हाई. आण्णांनी दोन-तीनदा इचारलं, माणूस नगं? पगार कापायचा न्हाई? आन् ती नुसती झोपून राहणार? दादा म्हणला, व्हय. आण्णा माझ्याकडं वळले आन् म्हणले, आसं असतंय व्हय?

मी म्हणलं, असंच असतंय आण्णा.

त्यानंतर फोन आला न्हाई. एकदा आला, दोन रिंगा वाजल्या आन् बंद झाला, मागनं मेसेज, ताई चुकून लागला. जाऊबाई म्हणली, लागंना का चुकून, तू उचलू नगंस. शेतकऱ्यांचे फोन दादानं स्वतःकडं वळवून घेतले. मिरचीचा एक लॉट मेला, ते मला कामावर गेल्यावर कळलं. दादानं मुळं उपटून बघितली हुती म्हणं. आता मिरचीचं पाणी तोच ठरवतो, चुकतो बी, पण मला विचाराया येतो ते ठरवून झाल्यावर. माझी गरज कमी झाली न्हाई, वाढली बी न्हाई. सुपरवायझर हाय ती हाय.

रजेचं उरलेलं दिवस आमी दोघं बाप-लेक मोकळी. मोकळं बसाया दोघांना बी येत न्हवतं. आण्णा सकाळी उठून अंगणात उभं राहायचे, आता काय करू म्हणायचे. मी म्हणायची, कायबी करू नका. मग उन्हात खुर्ची टाकून बसायचे, हळूहळू अर्ध्याची पुरी खुर्ची झाली. एक दिवस दुपारी मी खिडकीतनं बघितलं तर झोपलेले, मान एका अंगाला, तोंडावर टोपी. मी माझ्या बापाला दिवसाढवळ्या झोपलेलं त्याआधी फक्त टायफॉईडमधी बघितलं हुतं. जाऊबाई हाक मारणार तेवढ्यात मी तिला खुणावलं, गप. किती येळ झोपले काय म्हाईत. मी तशीच खिडकीत उभी राहिले, डॉक्टरीणबाईंनी उभं राहू नका म्हणून बजावलं हुतं तरी.

आता ते गावाकडं भावाजवळ हायत. पारावर बसून सांगत असतात म्हणं, माझ्या लेकीला रजा असती, आजारी पडली तर नुसती पडून असती, आन् मालकच पाया पडून जातोय. म्हातारी माणसं म्हणत्यात, सदा, थापा नको मारूस. पाया पडण्याचं जरा वाढवून सांगतात ते, पण सांगू देत.

एक गोष्ट मात्र राहिलीया, ती बी लिहा. मला रजा हाय, ठकूमावशीला न्हाई. ती रोजावर हाय. ती आजारी पडली की अजून सुनंला पाठवती, ताई, आज माझ्या जागी ही. मी दादाजवळ दोनदा विषय काढला. बघू म्हणला. मी परत काढणार हाय, बघूया म्हणणाऱ्याला मी सोडत नसते, हे त्याला बी ठावं झालंय. होईल तवा होईल, पण मी बोलायचं थांबणार न्हाई.

तुमी एवढ्या लांबनं आला, बसून ऐकलं, बरं वाटलं. तुमच्या घरात कुणी आजारी पडू नये, एवढंच म्हणते. आन् पडलंच कवा, तर त्याला निवांत पडून राहता यावं.